गुंडीची वही

१९९८ साली लातुरात माझ्या घराच्या वरच्या मजल्यावर बारावीच्या सहा मुली भाड्यानं राहत. खाली मी, माझी पुस्तकं आणि गुंडी नावाची कुत्री. कॉलेजातून ग्रंथपाल म्हणून निवृत्त होऊन मला दोन वर्षं झाली होती.

जूनमधल्या एका दुपारी गुंडी उभ्या उभ्या आडवी पडली. जबडा आवळला, तोंडाला फेस आला, चारी पाय ताठ झाले. एवढी पुस्तकं वाचलेला मी. पण लहानपणी मिरगी आलेल्या माणसाला करताना पाहिलं होतं तेच केलं. पायातली चप्पल काढून तिच्या नाकाशी धरली. तिचे दात माझ्या बोटात रुतले.

त्या बोटावरून गल्लीत बोभाटा झाला की महादेवप्पांचं कुत्रं पिसाळलं.

पशुवैद्यकीय दवाखान्यातल्या डॉ. पंचशीलाबाई माझ्यावर चिडल्या. "अहो सर, चप्पल नाही, कांदा नाही, पाणी नाही, तोंडात हात तर अजिबात नाही. डोक्याखाली मऊ काहीतरी द्या, खोलीत अंधार करा अन् घड्याळ बघा. पाच मिनिटांच्या वर गेलं तर तशीच उचलून आणा. गोळी दोन वेळा, एकही चुकवायची नाही. अन् सगळं वहीत लिहा."

लिहिणं मला जमण्यासारखं होतं. तारीख, वेळ, किती मिनिटं.

तिसऱ्या नोंदीत मी एक जादा ओळ लिहिली: नखांत माती.

झटका आला की गुंडीचे पुढचे पाय उकरल्यासारखे चालत. घरात शहाबादी फरशी, अंगणातली माती काळी. नखांतली मात्र पांढरट होती, ओलसर, बारीक भुसा मिसळलेली. तसली माती मी एकाच ठिकाणी पाहिली होती. किल्लारीला, माझ्या थोरल्या बहिणीच्या, केवळाअक्काच्या घराच्या भिंतींत.

गुंडी मूळची अक्काचीच. भाकरीची वाटी दोनदा जमिनीवर आपटली की अक्का जेवायला बोलावते, एवढं तिला कळे. त्र्याण्णवच्या भूकंपानंतर मी पोचलो तेव्हा ती अक्काच्या घराच्या ढिगाऱ्यावर उकरत होती. तीन दिवस उकरत होती. चौथ्या दिवशी, आता काही उरलं नसेल म्हणून, मीच तिला ओढून जीपमध्ये घातलं. अक्का सापडली नाही.

माती मी डॉक्टरांना दाखवली नाही. माझ्याच डोळ्यांवर माझा भरवसा नव्हता.

ऑगस्टमध्ये एका रविवारी पालक आले. पुढे होते जळकोटचे मारोती.

"सर, आमच्या लेकरांनी इथं शिकावं का इंजेक्शनं घ्यावीत? कुत्रं हटवा, न्हाईतर नगरपालिकेची गाडी बोलावतो."

"ती... पिसाळलेली नाही," मी म्हणालो. माझा आवाज मलाच ऐकू आला नाही.

तेवढ्यात गुंडी पडली.

बायका ओरडल्या. कुणीतरी काठी उचलली.

"काठी खाली!" हा आवाज माझा होता. "मारोती, घड्याळ बघा. खिडक्या लावा कुणीतरी."

मी धोतराची घडी तिच्या डोक्याखाली सरकवली आणि हात मागे बांधून बसलो. पाय उकरत होते. मारोती मिनिटं मोजत होते. "एक झालं... दोन झाली, सर... थांबली!"

मी वही पुढे केली. "हे बघा. पिसाळलेलं कुत्रं दहा दिवसांत मरतं. ही दोन महिने झाले तरी जिवंत आहे. ही मिरगी आहे. हिला औषध आहे."

मारोतींनी पान न् पान वाचलं. मग गुंडीच्या पाठीवर भीतभीत हात ठेवला. "लई सोसलं की हिनं. राहू द्या, सर. माझी रेणुका गोळीची आठवण देत जाईल."

आयुष्यात पहिल्यांदा मी एवढ्या माणसांसमोर बोललो आणि जिंकलो.

त्यानंतर झटका आला नाही. शंभराव्या दिवशी मुलींनी पेढे आणले, डॉक्टर स्वतः येऊन वहीवर सही करून गेल्या. संध्याकाळी मी नोंद केली: झटका नाही. नखं स्वच्छ.

गुंडी फरशीला कान लावून निवांत पडली होती. आता तिला उकरावं लागत नव्हतं.

फरशीच्या सांध्यात पांढरट मातीची बारीक रेघ होती.

मी बोटानं पुसली. ओली होती, आणि खालून पुन्हा वर आली.

गुंडीची शेपटी हलू लागली.

फरशीखाली कुणीतरी वाटी दोनदा आपटली होती.