चौदा नंबरचा रॅप

"माफ करा, यात मीठ किती आहे तेवढं वाचून सांगता का? माझा चष्मा कामावर राहिला."

किराणा दुकानातल्या थंड कपाटासमोर ती सीझर ड्रेसिंगची बाटली पुढे धरून उभी होती आणि शेजारच्या अनोळखी माणसाला विचारत होती. तो अनोळखी नव्हता, एवढंच तिला माहीत नव्हतं.

त्याने तिला ओळखलं ते आवाजावरून. तो इस्पितळाच्या कॅन्टीनमध्ये आचारी होता. सहा महिन्यांपूर्वी सलग अकरा दिवस हाच आवाज खिडकीतून आत यायचा — "एक चिकन सीझर रॅप, खोली चौदा, जरा लवकर हं!" — आणि टोपी-मास्कमधल्या त्याच्याकडे न बघताच ती लिफ्टकडे पळायची. बाराव्या दिवशी ती आली नाही. स्वयंपाकघरातल्या फळ्यावरचा चौदाचा आकडा त्याने स्वतःच्या हाताने पुसला होता.

त्याने बाटली घेतली, लांब धरली, आणखी लांब धरली.

"तुम्हालाही दिसत नाहीये," ती म्हणाली.

"दिसतंय की... हात पुरत नाही एवढंच."

ती हसली. हसू आलं आणि लगेच गेलं, चुकीच्या घरात शिरल्यासारखं.

"राहू द्या बाटली," तो म्हणाला. "दही, लिंबू, लसूण, मिरपूड... घरीच करा."

"तीनदा केलं. एकदा रॅपची पोळी फाटली, एकदा पानांचा लगदा झाला, आणि तिसऱ्यांदा कोंबडीने दगड व्हायचं ठरवलं. तुम्हाला बरं माहीत सगळं?"

"आचारी आहे मी. एका... ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये."

खोटं तोंडातून निसटलं आणि परत घेता आलं नाही. चौदासारख्या खोल्यांमधून रिकाम्या हाताने घरी गेलेली माणसं त्याला कधीकधी बाजारात दिसत. तो इस्पितळातला आहे हे कळलं की त्यांचा चेहरा मिटायचा. ती माणसं रस्ता ओलांडून पलीकडे जायची. त्याला राग येत नसे. जिथे आपलं माणूस गेलं, तिथल्या भिंतींचा रंगही नकोसा होतो. पण हिने रस्ता ओलांडू नये असं त्याला वाटलं. फार वाटलं.

"मग रविवारी या," ती म्हणाली. "तुम्ही मला रॅप शिकवा. मी चष्म्याच्या दुकानात डोळे तपासते. तुमचे तपासून देते. गरज आहे, बघितलं मी."

रविवारी दार उघडलं ते तिच्या आत्याने. तिने त्याला आधी पायांपासून डोक्यापर्यंत आणि मग पुन्हा डोक्यापासून पायांपर्यंत बघितलं.

"हेच का ते कोंबडीचे मास्तर? या. आमच्या पोरीचा सकाळपासून तीनदा ओटा पुसून झालाय. आता पुसला तर त्याला भोक पडेल."

"आत्या!"

"मी कुठे काय म्हणाले? मी शब्दकोडं सोडवतेय."

त्याने कोंबडीचे तुकडे लिंबू-लसणात मुरवले, खाचांचा तवा चांगला तापवला आणि तुकडे टाकले. चर्र झालं. धूर उठला, खिडकीची काच धुरकटली. तिचा हात लगेच चिमट्याकडे गेला.

"हलवू नका."

"करपेल ना!"

"करपणार नाही. सुटायची वेळ झाली की तव्यापासून आपोआप सुटतं. ओढलं तर फाटतं."

तुकडे ताटलीत काढल्यावर तिने सुरी उचलली. त्याने तिच्या मनगटाला बोट लावलं, जेमतेम. "पाच मिनिटं. मुरू द्या. आता कापलं तर रस वाहून जाईल आणि वाफेने पानं मरगळतील. तुमचा लगदा त्यामुळेच झाला."

पाच मिनिटं! ती खिडकीशी गेली, परत आली. चवड्यांवर उभी राहिली. नळ घट्ट बंद असताना पुन्हा बंद केला. "मला नाही हो बसवत," ती म्हणाली, "हल्ली... कुठेच." त्याचंही कुठे लक्ष ठिकाणावर होतं? मनगटाला लागलेलं बोट त्याने उगाचच रुमालाला पुसलं आणि लगेच वाटलं, कशाला पुसलं!

मग लेट्यूसची कोरडी, कुरकुरीत पानं, तिच्या पाककृतींच्या पुस्तकात लिहिल्याप्रमाणे सॉस, म्हणजे भरपूर चीज आणि कुटलेली खारवलेली मासळी, आणि गुंडाळी करून शिवण खाली ठेवून तव्यावर दाब. तिने घास घेतला. डोळे मिटले, उघडले.

"छान आहे. पण... तो नाही."

"तो कोण?"

"एकदा एक घास खाल्लेला. तसा नाही."

तो कुठला घास आणि त्यात काय नव्हतं, हे साऱ्या जगात एका माणसाला ठाऊक होतं, आणि तो माणूस मान खाली घालून भांडी घासायला लागला.

पुढच्या आठवड्यात तिने शब्द पाळला. दुकानामागच्या अंधाऱ्या खोलीत हनुवटी टेकवून तो बसला.

"हे स्पष्ट, की हे?" भिंग खटकन बदललं.

"दुसरं."

"आता हे, की हे?"

"दोन्हीत तुम्ही सारख्याच दिसता."

"माझ्याकडे नाही, तक्त्याकडे बघा!" पण आवाजात हसू होतं. मग बारीक दिवा घेऊन ती इतकी जवळ आली, की तिच्या श्वासाला वेलदोड्याचा वास आहे हे त्याला कळलं. "माझ्या कानाकडे बघा... पापणी नका मिटू... कसली घाई आहे तुमच्या डोळ्यांना? एका जागी ठरत का नाहीत?"

"सवय नाही."

"कशाची?"

"कुणी आत बघण्याची."

दिवा विझला. अंधारात दोघांनी एकदमच खुर्च्या मागे सरकवल्या.

दुसरा रविवार झाला. "तो नाही." तिसरा आला. आत्या म्हणाली, "एका कोंबडीला पांघरूण घालायला दोन माणसं आणि तीन रविवार? आमच्या वेळी एवढ्यात लग्नं ठरायची." ती कानापर्यंत लाल झाली. आत्या शब्दकोडं घेऊन शहाण्यासारखी आतल्या खोलीत गेली.

आणि त्याच दुपारी, कोंबडी मुरायची वाट बघताना, तिने सांगून टाकलं. ओट्याला पाठ लावून, त्याच्याकडे न बघता.

"बाबांचं हृदय थकलं होतं. डॉक्टरांनी मीठ बंद केलं. इस्पितळातलं आळणी जेवण ते तसंच परत पाठवायचे. म्हणाले, खालचा तो रॅप आण, एवढंच आण. मी आणला. एक दिवस नाही... अकरा दिवस. पायांची सूज गुडघ्यापर्यंत चढली तरी आणला. म्हणून मला तोच करून बघायचाय. किती मीठ घातलं मी माझ्या हाताने त्यांच्या पोटात, ते मला कळायला हवं." ती थांबली. "आत्यालाही नाही सांगितलेलं."

त्या दिवशी तो रॅप न खाताच निघाला. "काम आठवलं," म्हणाला. आठवडाभर त्याला धड झोप नाही, धड काम नाही. दोनदा कांद्याऐवजी बोट कापलं. सांगावं, तर चार आठवड्यांचं खोटं उघडं पडणार आणि तिच्या घराचं दार बंद होणार. न सांगावं, तर ती जन्मभर आपल्या हातांकडे असंच बघत राहणार, खुनी असल्यासारखं. तराजू कुठे झुकलाय हे पहिल्या रात्रीच कळलं होतं. उरलेले दिवस गेले ते हिंमत गोळा करण्यात.

चौथ्या रविवारी त्याने तिला ओट्याजवळ येऊच दिलं नाही. पुस्तक बंद केलं. मासळी नाही, चीज नाही, मीठ नाही. लिंबाची किसलेली साल, तव्यावर भाजलेला लसूण, दही, आणि डोळ्यांत पाणी येईल एवढी मिरी. रॅप तिरका कापून तिच्यापुढे ठेवला.

तिने घास घेतला. चावणं मध्येच थांबलं.

"...हा."

"यात मीठ नाही," तो म्हणाला. त्याचा आवाज त्यालाच परका वाटला. "तेव्हाही नव्हतं. एकाही दिवशी नव्हतं. कुठल्या खोलीला काय बंद, हे आमच्या स्वयंपाकघरात फळ्यावर लिहिलेलं असतं. चौदासमोर मीठ बंद होतं. तुम्हाला सांगितलं नाही, कारण मीठ नाही असं कळलं की पेशंट घास टाकून देतो. न कळता खाल्ला तर खातो. त्यांनी खाल्ला. तुम्ही त्यांच्या पोटात मीठ नाही घातलं. अन्न घातलं."

ती हळूच खुर्चीवर बसली. उरलेल्या रॅपकडे बघत राहिली.

"म्हणजे त्या खिडकीत तुम्ही होतात."

"हो."

"आणि दुकानात मला ओळखलं होतंत."

"आवाज ऐकला त्या क्षणी."

"तीन रविवार!" तिचा आवाज फाटला. "तीन रविवार मी 'तो नाही, तो नाही' म्हणत होते, आणि तुम्ही भांडी घासत होतात! का?"

शहाणपणाची दोन-तीन उत्तरं त्याच्या जिभेवर आली. त्याने ती गिळली.

"सांगितलं असतं तर तुम्ही पुन्हा बोलावलं नसतं. आणि मला यायचं होतं. दुसऱ्या रविवारी तर... फारच यायचं होतं."

तिने तोंडावर हात धरला. रडत होती का, हे त्याला कळलं नाही. बघायचा हक्क आपल्याला नाही असं वाटून त्याने नजर वळवली.

"आज जा तुम्ही," ती म्हणाली. "प्लीज."

तो गेला. जिन्यात मागून आत्याचा आवाज आला, "अगं, झालं काय?" आणि मग दार लागलं.

सोमवार गेला. मंगळवार. बुधवारी दुपारच्या गर्दीत तो खाली मान घालून कोबी चिरत होता, तेव्हा खिडकीशी कुणीतरी आलं आणि बोललं नाही. इथे येणारा प्रत्येकजण घाईत असतो. न बोलणारं कुणी नसतं. त्याने मान वर केली.

ती वाकून खिडकीतून आत बघत होती. फळा, शेगड्या, वाफ, टांगलेल्या कढया, सगळं एकेक करून बघत होती, आणि शेवटी त्याला. चेहरा पांढरा पडला होता. लिफ्टकडे पाठ होती, पण कान त्याच बाजूला लागलेले होते.

"फाटकातून दोनदा परत गेले," ती म्हणाली. "तिसऱ्यांदा आले."

"बाहेर... बाहेर भेटलो असतो. इथे कशाला—"

"इथेच यायचं होतं. तुमचे आभार इथेच मानायचे होते. आणि भांडायचंय, ते नंतर. बरंच भांडायचंय. आत्याने मुद्दे लिहून दिलेत."

त्याला हसू आलं. मागून कुणीतरी ओरडलं, "ओ ताई, काय हवंय ते सांगा, रांग आहे!"

"एक चिकन सीझर रॅप," तिने मोठ्याने सांगितलं.

"खोली?"

"खोली नाही. इथे बसून खाणार." मग ती आणखी वाकली, त्यालाच ऐकू जाईल इतकी. "आणि मीठ घाला. मला कुणी बंद केलेलं नाही."