एक्केचाळीस नंबरची जाळी

लाईट बाराला येणार म्हणजे साडेबाराला येईल. केळीला पाणी द्यायचंय, तेव्हा आता झोपून चालायचं नाही. बसा ओट्यावर. ललित, ती बॅटरी विझव. रोशनी, लांब कशाला बसलीस, इकडे ये.

संक्रांतीला हेमकांत आला होता, तेव्हा तुम्ही त्याला हसलात. काका, जेवताना डावा हात असा वाकडा छातीशी का धरता म्हणून. तोही हसला, पण कामिनी हसली नाही. कामिनी म्हणजे त्याची बायको. ती उठून आत गेली, ते मी पाहिलं. म्हणून आज सांगतो. पुन्हा त्याला विचारू नका.

हेमकांत माझ्या मावसभावाचा मुलगा. शहाद्याला राहतो आणि तेव्हा कंपन्यांच्या भोवती जाळ्या बसवायचं काम करायचा. मी त्याचा माल टेम्पोनं पोचवायचो. त्या रात्री मी तिथं होतो. जे मी पाहिलं ते पाहिलं म्हणून सांगेन, बाकीचं त्यानं सांगितलं म्हणून सांगेन.

गेल्या वर्षी डिसेंबरची बारा तारीख, शुक्रवार. अष्टमी उलटलेली, चंद्र मध्यरात्रीनंतर उगवणार होता. दुपारी ठेकेदाराचा हेमकांतला फोन आला. खापरच्या पुढे, गुजरातच्या हद्दीअलीकडे डोंगराच्या पायथ्याला सोलरचा प्लँट आहे, तिथली जाळी यानंच बसवली होती. जाळीला वायर लावलेली असते, कोणी हात लावला की सायरन वाजतो. महिनाभर तो रोज रात्री एकाच जागी वाजत होता. ठेकेदार म्हणाला, एक रात्र थांब, काय बिघाड आहे बघून दुरुस्त करून ये. आम्ही पाच वाजता निघालो, आठला पोचलो. वाटेत खापरला भजी खाल्ली.

आता ती जाळी कशी असते ते ऐका. साधी तारेची नव्हे. दहा फूट उंच, जाड तार, आणि भोकं अगदी चिंचोळी. अर्धा इंच उंच, तीन इंच लांब. चढायला जावं तर बोट अडकत नाही, पायाचा अंगठा टेकत नाही. कापायला जावं तर पक्कडीचं तोंड आत शिरत नाही. आणि बोल्ट असे, की एकदा आवळले की त्यांचं डोकंच तुटून पडतं. परत पाना लागत नाही. तांब्याच्या केबलच्या चोऱ्या फार होतात, म्हणून हे सगळं. हेमकांतला त्याचा अभिमान होता. म्हणायचा, आप्पा, मन्ही जाळी मांजर चढी दाखाडी तर मी धंदा सोडी देसू.

पण त्या जाळीत एक गोष्ट राहून गेली होती. प्लँटच्या मागे, डोंगराच्या बाजूला एक पाडा आहे. पंचवीस-तीस घरं. पाड्यापासून सडकेपर्यंत जुनी पायवाट होती, दहा मिनिटांची, आणि ती नेमकी प्लँटमधून जात होती. जाळीचं काम चाललं तेव्हा उन्हाळ्यात पाड्यावरचा भिला नावाचा म्हातारा हेमकांतकडे आला. म्हणाला, दादा, आमची वाट ठेव. हेमकांतनं त्याला नकाशा उघडून दाखवला. एक्केचाळीस नंबरच्या खांबाशी छोटं फाटक होतं खरंच. म्हातारा खूश होऊन गेला.

फाटक सुरतहून यायचं होतं, ते वेळेवर आलं नाही. उद्घाटनाची तारीख ठरलेली. प्लँटचा साहेब म्हणाला, मोकळी जागा नको, सध्या जाळी मार. यानं तिथं जाळी मारली, बोल्ट आवळले. भिलाला म्हणाला, पंधरा दिवसांत बदलून देतो. फाटक आषाढात आलं आणि स्टोअरच्या मागे ताडपत्रीखाली पडलं. तोवर हेमकांत धडगावच्या कामावर गेला होता. दोन वेळा आठवलं, असं तो स्वतः म्हणाला. दोन्ही वेळा वाटलं, पुढच्या आठवड्यात जाऊ.

तर त्या रात्री आम्ही पोचलो. वॉचमन होता सुपडू, दिवाळीनंतर लागलेला. आधीचा भादव्यात एका सकाळी निघून गेला होता, अंथरूणसुद्धा न्यायला आला नाही. सुपडूनं आम्हाला चहा दिला.

हेमकांतनं विचारलं, "कितला वाजता वाजस?"

"एक वाजीसन चाळीस मिनिटले. एक्केचाळीस नंबर."

"कुत्रं-बित्रं व्हई."

"कुत्रं रोज घड्याळ देखीसन येस का, भाऊ?" सुपडू म्हणाला. "पहिले दोन दिवस मी गयतू. आते मी तठे जावाव नही. सायरन बंद करस नि अठेच केबिनमा बसस."

मी म्हटलं, चला, मी तर झोपतो. टेम्पो सडकेकडच्या मोठ्या फाटकाशी लावला होता, आत घोंगडी घेऊन पडलो. इथून पुढचं हेमकांतचं.

तो दीडला उठला. बॅटरी घेतली, पाने घेतले. सोलरच्या काचांच्या रांगांमधून चालत गेला. चंद्र नुकताच वर आला होता. काचांत तो दिसत होता... जिकडे तिकडे पाणी भरल्यासारखं.

खांबाशी पोचला. वायर तपासली. चांगली होती. खांबावरचा वायरचा डबा उघडला. कोरडा, स्वच्छ. बिघाड काहीच नव्हता. तो उकिडवा बसून डब्याचे स्क्रू लावत होता, तेवढ्यात मागे केबिनवर सायरन वाजला.

त्यानं वर पाहिलं.

जाळीपलीकडे एक बाई उभी होती. दोन्ही हातांत फडक्यात गुंडाळलेलं पोर. कपाळ जाळीला टेकवलेलं. पातळ ओलं, केस ओले. त्याला वाटलं दव पडलंय.

"कोन शे?" तो म्हणाला.

ती तिच्या बोलीत बोलली. त्याला समजलं, मी आपल्या भाषेत सांगतो.

"दादा, फाटक उघड."

"फाटक नाही इथं."

"इथं होणार होतं."

हेमकांत स्क्रू सोडून उभा राहिला.

"पोर तापलंय," ती म्हणाली. "डोळे फिरवतंय. सडकेवर जायचंय. दवाखान्यात."

"बाई, थांब. मी टेम्पो काढतो. तू नाल्याच्या बाजूनं फिरून ये, मी तिकडून—"

"नाल्याला पाणी आहे."

डिसेंबर महिना. नाल्यात वाळू होती. त्यानं येतानाच टेम्पोच्या उजेडात पाहिली होती.

त्यानं बॅटरी तिच्या पायांकडे नेली... आणि मध्येच विझवली. का विझवली, विचारलं तर सांगत नाही.

"दादा, तू पोराला धर. तू पुढे ने. मी फेरा मारून येते."

"कशी देशील? बोट जात नाही यातून."

"तू धर."

"बाई..."

"धर ना."

तो म्हणतो, आप्पा, मी विचार केला नाही. कोणी पोर पुढे केलं की आपण हात पुढे करतोच. मी केले.

आणि हात खाली गेले.

वजन आलं. ओलं. गार. त्याची स्वतःची मयूरी तेव्हा आठ महिन्यांची होती. हाताला वजन ओळखीचं होतं. तेवढंच. डोकं डाव्या कोपरात, पाय उजव्या हातावर.

पाहिलं तर हातात काही नव्हतं.

जाळी जशीच्या तशी होती. एक तार वाकलेली नव्हती. पलीकडे बाई रिकाम्या हातांनी उभी होती.

"धरलंस?"

"...धरलं."

ती वळली. जाळीच्या कडेकडेनं नाल्याच्या दिशेनं पळत गेली. पावलांचा आवाज नाही. सायरन थांबला.

तो उभा राहिला. किती वेळ, माहीत नाही. एकदा त्यानं हात सैल केले. तेव्हा गळ्याशी शर्टाची कॉलर आवळली गेली. मुठीत धरावी तशी. लहान मुठीत.

मग त्यानं हात पुन्हा तसेच धरले.

ओरडावं वाटलं. ओरडला नाही. पोर जागं होईल, असं वाटलं म्हणे.

...

पुढचं मी पाहिलं. सहा वाजता सुपडूनं टेम्पोची काच वाजवली. एक्केचाळीस नंबरकडे नुसतं बोट केलं. मी धावत गेलो. हेमकांत खांबाशी उभा होता, रात्रभर उभा असल्यासारखा. ओठ पांढरे. दोन्ही हात असे, पोर घेतल्यासारखे. शर्टाची कॉलर डावीकडे ओढलेली. वारा नव्हता, मुलांनो. पान हलत नव्हतं. ती कॉलर तशीच ताणलेली होती.

मी त्याच्या हाताला हात लावला. तो म्हणाला, "आप्पा, धक्का लावू नका. झोपली आहे."

तेवढ्यात जाळीपलीकडे भिला आला, शेळ्या घेऊन. हेमकांतला पाहून थांबला. त्याचे हात पाहिले. खूप वेळ पाहिले. मग जमिनीवरच बसला.

"तूच ना तो? फाटकवाला?"

हेमकांतनं मान हलवली.

"रमिला उन्ही का तुन्हाकडे?"

मग भिलानं सांगितलं. भादव्यातली गोष्ट. पाऊस तीन दिवस लागलेला. पाड्यावरच्या रमिलाबाईची पोर तापानं फणफणली होती. नवरा ऊसतोडीच्या मुकादमाकडे गेलेला. रात्री ती एकटीच पोर घेऊन निघाली, जुन्या वाटेनं. तिला वाटलं, फाटक झालं असेल. जाळीशी येऊन हाका मारल्या. आधीचा वॉचमन आला, पण तो काय करणार? किल्ली लावायला कुलूप नव्हतं, खोलायला बोल्टला डोकं नव्हतं. तिनं चढून पाहिलं, तीनदा पडली. तो म्हणाला, बाई, नाल्यानं फिर. ती नाल्यानं फिरली. नाल्याला पूर होता. तिसऱ्या दिवशी ती दोन कोस खाली सापडली.

मी विचारलं, "आणि पोर?"

भिला म्हणाला, "पोर नही सापडनी."

हेमकांत रडला नाही. मला म्हणाला, "आप्पा, टेम्पो काढा. तिनं दवाखान्यात न्यायला सांगितलंय. रात्रीच न्यायचं होतं."

तुम्ही म्हणाल, त्याला वेड लागलं होतं, तुम्ही कसे गेलात? मी गेलो. दार मी उघडलं, कारण त्याचे हात मोकळे नव्हते. खापरला पोचेपर्यंत मी एकाही खड्ड्यात जोरानं गाडी घातली नाही.

दवाखान्यात त्या वेळी एकच नर्सबाई होत्या. अनुसयाबाई, पन्नाशीच्या. हेमकांत त्यांच्यापुढे उभा राहिला. म्हणाला, "हिला बघा. ताप आहे. उशीर झाला."

बाईंनी त्याच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. मी दबक्या आवाजात दोन वाक्यांत सांगितलं. मला वाटलं, आता हाकलून देतील. पण भादव्यात रमिलाबाईला आणलं तेव्हा ड्युटीवर याच बाई होत्या. त्यांनी नळावर हात धुतले, पदराला पुसले आणि दोन्ही हात पुढे केले.

"द्या," म्हणाल्या.

हेमकांत पुढे वाकला. आपण झोपलेलं पोर देताना मान सांभाळतो, तसं.

बाईंचे हात खाली गेले. थोडेसेच. मी दोन पावलांवर होतो, मी पाहिलं. त्यांचा चेहरा उतरला, पण त्यांनी हात मागे घेतले नाहीत. आतल्या खोलीत गेल्या, दार लोटलं. पाच मिनिटांनी बाहेर आल्या तेव्हा डोळे लाल होते. म्हणाल्या, "जा आता. झालं."

हेमकांतची कॉलर सैल झाली होती. त्याचा उजवा हात लगेच सरळ झाला. डावा अजून होत नाही. कामिनी सांगते, झोपेतसुद्धा तसाच असतो.

तिथून तो घरी आला नाही. प्लँटवर परत गेला. ठेकेदाराचा फोन आला, साहेबाचा आला, यानं उचलला नाही. ग्राइंडर लावून एक्केचाळीस नंबरचे सगळे बोल्ट कापले, जाळी उतरवली, ताडपत्रीखालचं फाटक काढून बसवलं. पलीकडून पाड्यावरची माणसं धरायला आली. कुणी त्याला शिव्या दिल्या नाहीत. त्याला त्या हव्या होत्या, असं मला वाटतं. संध्याकाळी फाटकाची एक किल्ली त्यानं भिलाच्या हातात दिली. ठेकेदारानं त्याला कामावरून काढलं. सायरन त्या रात्रीपासून वाजला नाही, असं सुपडू सांगतो.

उतरवलेली जाळी मी टेम्पोत टाकून इथं म्हसावदला आणली. दुसऱ्या दिवशी उन्हात उतरवताना काहीतरी किणकिणलं. पाहिलं तर मधल्या एका उभ्या तारेत कडं होतं. पितळेचं, तान्ह्या पोराच्या मनगटाएवढं. मी चष्मा लावला, मग भिंग आणलं. कडं ओतीव आहे, त्याला फट नाही, सांधा नाही. जाळीच्या वेल्डिंगचा एकही टाका सुटलेला नाही, तार कुठं कापलेली नाही.

कडं तारेत ओवलेलं आहे. बोटानं ढकललं तर फिरतं.

निघत नाही.