सोनबाची उघाड

मोबाईल ठेवा रे जरा खाली. धरणावर पुढचे आठ दिवस ऊन, पहाटे धुकं, पावसाचं नाव नाही, असंच दाखवतोय ना? दाखवू दे. भात उद्या कापायचं की परवा, ते तुमचे बाप बघतील. मी अठ्ठावीस वर्षं रात्रीची एसटी चालवली. घाटात कधी काही दिसलं नाही, आणि दिसलं म्हणणाऱ्यांची मी टिंगलच केली. पण आज कार्तिक वद्य त्रयोदशी आहे. आज हे सांगितलं नाही तर मला झोप यायची नाही.

सोमनाथ माझा सख्खा भाचा. आपल्याच काठावर त्याचा तंबूंचा कॅम्प होता, तुम्हाला ठाऊक आहे. गेल्या वर्षी याच तिथीला, शुक्रवार होता, तो नसरापूरहून कोळशाची दोन पोती आणि गॅसची टाकी टेम्पोत टाकून निघाला. पाहुणे शनिवारी सकाळी यायचे होते. सामान उतरवायचं आणि माघारी फिरायचं, एवढंच काम.

पण त्याच्या आधीच्या कार्तिकातलं सांगायला हवं. वरच्या धनगरवाड्यातला सोनबा तुम्हाला फक्त शिव्यांपुरता आठवत असेल. आम्हाला तसा आठवत नाही. कार्तिक लागला की दिवस मावळताना तो खाली यायचा, काठावर मांडी घालायचा आणि उजवा हात मनगटापर्यंत पाण्यात बुडवून बसायचा. पाण्यात ऊब किती आहे, वारा कुठून येतोय, धुकं कुठं बसतंय, ते बघून सांगायचा, इतके दिवस उघाड. कापलेलं भात तीन दिवस खाचरात वाळवावं लागतं, म्हणून अख्खा काठ त्याच्या शब्दावर विळा उचलायचा. चाळीस वर्षं. एकदाही चुकला नाही.

त्या वर्षी सोमनाथनं त्याचा व्हिडिओ काढला. 'आठ दिस उघाड हाय,' असं सोनबा म्हणतोय. सोमनाथनं तो पाहुण्यांना पाठवला, काठावरच्या पाचही गावांच्या ग्रुपवर टाकला. तंबू भरले. दुसऱ्याच दिवशी वारा फिरला. सोनबा काठी टेकत कॅम्पवर आला. म्हणाला, पूर्वेचा वारा सुटलाय, चौथ्या दिवशी पाऊस येणार, पाच गावं मी कुठं फिरू, तूच मोबाईलवर सगळ्यांना कळव. सोमनाथ 'टाकतो तात्या' म्हणाला. टाकलं नाही. पाहुण्यांनी येणं रद्द केलं असतं ना.

सगळ्या काठानं भात कापलं आणि चौथ्या रात्री पाऊस आला. दोन दिवस कोसळला. खाचरात पडल्या पडल्या भाताला मोड आले. मग आम्ही चिडून वाड्यावर गेलो. आम्ही म्हणजे मीही होतो, लपवत नाही. सोनबा एवढंच म्हणाला, "म्या निरोप दिला व्हता." कुणाकडे दिला, ते बोलला नाही. नुसता सोमनाथकडे बघत राहिला. आणि सोमनाथ आमच्यातच उभा होता, मान खाली घालून. कुणीतरी मोड आलेली पेंढी म्हाताऱ्याच्या तोंडावर फेकली. मला त्या दिवसाची अजून लाज वाटते.

सोनबा पुन्हा खाली उतरला नाही. मार्गशीर्षात गेला. त्याची बायको सखूबाई सांगते, शेवटपर्यंत त्यानं आभाळाकडे मान वर केली नाही.

तर गेल्या वर्षीची त्रयोदशी. सात वाजून वीस मिनिटं झाली होती. सोमनाथ कॅम्पवर पोचला. आभाळ स्वच्छ, चांदण्या नुसत्या खच्चून भरलेल्या. राखणीचा हनुमंत कुठं दिसेना. टेम्पोच्या उजेडात सोमनाथला काठावर घोंगडी पांघरून बसलेला माणूस दिसला. त्याला वाटलं, हनुमंतच. टाकी उतरवायला ये म्हणून त्यानं हाक मारली.

माणूस हलला नाही.

सोमनाथ शिव्या देत खाली गेला. दहा पावलांवर थांबला. त्या माणसाचा उजवा हात पाण्यात होता... मनगटापर्यंत.

वारा पडला. रातकिडे गप्प झाले.

"पानी ऊन लागतंय," तो म्हणाला. मागं न बघता.

सोमनाथनं आवाज ओळखला.

"सांगितलंस का त्यांस्नी?"

सोमनाथ टेम्पोकडे एक पाऊल मागं सरला.

"तू हुबा व्हतास. माझ्या दारात. समद्यांत."

नुसतं पाणी. काठाला लागतंय. परत जातंय.

"बरं," तो म्हणाला. "म्याच येतो तुझ्यासंगं."

आणि हात पाण्यातून वर आला...

रात्री आठला सोमनाथ माझ्या दारात उभा. चिंब. केसांतून पाणी गळत होतं. बाहेर मातीवर एक थेंब नव्हता. मी बॅटरी घेऊन टेम्पो बघितला. त्याची सीट ओली होतीच. शेजारचीही ओली होती.

तेव्हा त्यानं मला सगळं खरं सांगितलं. मी म्हणालो, सकाळी भैरवनाथाच्या देवळात चल आणि पाच गावांसमोर हेच सांग, सोनबावरचा डाग धुऊन काढ. मान डोलावली त्यानं. सकाळी बघतो तर अंथरूण रिकामं. कॅम्प विकला, नसरापूरला तिसऱ्या मजल्यावर राहायला गेला. मी फोन केला की म्हणायचा, "सांगतो मामा, यंदाचं भात निघू दे." आणि मी का सांगितलं नाही? बहिणीचं पोर पडलं ना. तुमचे बाप वर्षभर मेलेल्या माणसाला शिव्या घालत राहिले, आणि मी ऐकत राहिलो.

यंदा दसऱ्याला त्याच्या बायकोचा, मंगलचा, फोन आला. झोपायच्या खोलीत दाराजवळ फरशीवर ओल येते म्हणाली. वर गळती नाही, भिंतीत नळ नाही, प्लंबर दोनदा येऊन गेला. ओल केवढी? मांडी घालून बसलेल्या माणसाएवढी. ती पुसायची, सकाळी पुन्हा. पण त्याच जागी नाही. पलंगाच्या बाजूला एक फरशी पुढं. दिवाळीत खोलीच्या मध्यावर. परवा पलंगाच्या पायाशी. मी सोमनाथला म्हणालो, लेका, अजून वेळ आहे, काठावर ये. तो म्हणाला, भात निघू दे.

आता साडेआठ झाले. मघाशी सातला मंगलचा फोन आला होता. हळू बोलत होती, तो आज दिवस मावळतानाच झोपला होता म्हणून.

म्हणाली, "मामा, आज फरशी कोरडी हाय."

मी म्हणालो, बरं झालं की गं.



"गादी ओली झालीया," म्हणाली. "ह्ये भिंतीकडं त्वांड करून झोपल्यात. ओल त्यांच्या पाठीमागं हाय... आन् आता ती बसल्याली न्हाई, मामा. आडवी हाय."