कॉलरवरचं नाव

दार घासत होतं, म्हणून तो थांबला. नाहीतर उंबऱ्यावरूनच परत गेला असता आणि माझं आयुष्य सरळ शिवणीनं गेलं असतं.

"माफ करा, तुमच्या आधी या खोलीत मी राहायचो," तो म्हणाला. "माझी काही पत्रं आली होती का?"

आली होती. आठ जाड खाकी पाकिटं. तीन महिने मी ती खिडकीत जपली. मग एक दिवस कॉलरच्या नमुन्याला कागद कमी पडला... मी कपडे शिवते. जाड पाकीट, आत घडी घातलेलं पत्र – कॉलर आखायला याहून बरं काय मिळणार? न उघडताच कात्री चालवली होती.

"नाही हो... काहीच नाही आलं."

त्यानं माझ्याकडे पाहिलं, माझ्या मागच्या भिंतीकडे पाहिलं आणि का कोण जाणे, हसला. "बरं. पुढच्या महिन्यात येऊन विचारतो."

जाता जाता त्यानं पिशवीतून रंधा काढला आणि दाराचं घासणं थांबवलं. दारं-खिडक्या करणं हाच त्याचा धंदा. ताज्या लाकडाचा वास खोलीत मागे राहिला. तो जाऊ नये म्हणून मी उगाचच खिडकी लावून घेतली.

पुढच्या महिन्यात तो आला. त्याच्या पुढच्याही.

"पत्रं?"

"नाहीत."

"चहा?"

"तो आहे."

"याला पत्रं लिहितं तरी कोण गं?" आईनं विचारलं. "आणि लिहीत नसेल, तर हा येतो कशाला?"

मी मशीन जोरात चालवलं.

तो मला कात्रीबाई म्हणायला लागला, मी त्याला दारवाले. वर्षभरानं लग्न ठरलं, पण राहायचं कुठं? माझ्या एका खोलीत आई, मशीन आणि लोकांचे अर्धवट कपडे. तो राहायचा कारखान्याच्या माळ्यावर, फळ्यांच्या शेजारी.

शेवटी घर सापडलं. एका निवृत्त मास्तरांनी बांधलेला वरचा मजला. दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि माप घेऊन केल्यासारखी मशीनपुरती खिडकी. दारं, तावदानं, कपाटं तेवढी व्हायची होती. आई त्या खिडकीशी जाऊन जी बसली, ती उठेचना.

"पंधरा दिवसांत बँकेचं कर्जमंजुरीचं पत्र आणा," मास्तर म्हणाले. "सोळाव्या दिवशी दुसरं गिऱ्हाईक उभं आहे."

बँकेतल्या मॅडमनी संगणकाचा पडदा आमच्याकडे वळवला. "बाई, तुमचं सगळं ठीक आहे. पण यांचा कर्जफेडीचा स्कोअर... फारच खाली. दोघांच्या नावावर कर्ज नाही मिळणार."

बाहेर येताच मी सुटले. "काय करून ठेवलंत?"

"आठवत नाही."

"कर्ज म्हणजे काय छत्री आहे, विसरायला?"

"रंध्याच्या यंत्रासाठी घेतलं होतं एकदा. फेडलं की."

"फेडलं?"

"म्हणजे... फेडलं असं वाटत होतं."

दहा दिवस मी त्याला धारेवर धरलं. बटणं लावताना, काजं करताना, चहा ओतताना. आणि हा माणूस रंध्याखालच्या फळीसारखा गप्प!

"अरे, बोल की काहीतरी!" मी शेवटी ओरडले.

त्याचा चेहरा उजळला. "अगं, तू मला 'अरे' म्हणालीस!"

आता अशा माणसाचं काय करायचं, सांगा.

अकराव्या दिवशी त्यानं जुन्या कर्जाचे कागद आणले. मॅडमनी वाचले. हप्ते ज्या खात्यातून जायचे, ते यानं बंद केलेलं. शेवटचे तीन राहून गेले. मॅडम म्हणाल्या, "आता यांनी भरलेत, पण स्कोअर वर यायला सात-आठ महिने लागतील. एकट्या बाईंच्या नावावर देता येईल, मात्र रक्कम कमी. आणि काय हो, आठ नोटिसा पाठवल्यात तुम्हाला. एकीचंही उत्तर नाही?"

"कुठं पाठवल्या?" मी तावातावानं विचारलं.

मॅडमनी पत्ता वाचला. माझ्या खोलीचा.

घरी येऊन मी खिळ्यावरचा नमुन्यांचा जुडगा काढला. कॉलरच्या एका टोकाला त्याचं नाव. कडेच्या घड्या उलगडल्या. आत 'अंतिम सूच...' आणि पुढं माझ्या कात्रीचं सुबक वळण.

तशीच कारखान्यात गेले. तो चौकट तासत होता.

"दारवाले, तुमची पत्रं... मी कापली."

"माहीत आहे."

"कधीपासून?"

"पहिल्या दिवसापासून. तुझ्या मागे भिंतीवर कॉलर टांगली होती. वर माझं नाव, 'श्री.'सकट."

"आणि दहा दिवस माझी बोलणी खाल्लीस?"

"आत नोटिसा होत्या, हे मला तरी कुठं ठाऊक? आणि पत्ता बदलायचा आळस माझाच की."

"पण त्याच दिवशी का नाही बोललास?"

त्यानं रंधा खाली ठेवला. केसांत भुसा, कानाची पाळी लाल. "तू 'आली होती, कापली' म्हणाली असतीस, तर मी गेलो असतो. 'नाही आली' म्हणालीस... म्हणून परत विचारायला येता आलं."

एवढा साठवून आणलेला राग कुठं ठेवावा कळेना. स्वतःची चूकसुद्धा हा माणूस मला धड एकटीला मिळू देत नाही!

चौदाव्या दिवशी मी मास्तरांपुढे उभी. "दारं, तावदानं, कपाटं काही करू नका. उघडं घर द्या, आणि तेवढी किंमत कमी करा."

"बिनदाराचं घर? अहो, चोर शिरतील!"

"दारवाला बरोबर आणलाय."

मास्तरांनी चष्म्यावरून दोघांना न्याहाळलं आणि हिशोबाची वही पुढं ओढली.

घरी कळल्यावर आई काजं करता करता गुणगुणायला लागली –

भिंत म्हणे दारा, तुझ्याविना मी आंधळी
दार म्हणे भिंती, मला तुझ्याविना वारा गिळी

पंधराव्या दिवशी मी सह्या केल्या. सगळीकडे माझं एकटीचं नाव.

"वाईट वाटतं तुला?" मी हळूच विचारलं.

"नाव तुझं, दारं माझी. आत यायचं तर माझ्याच दारातून यावं लागेल."

पायऱ्या उतरताना मी म्हटलं, "आता तरी तो पत्ता बदल."

"कशाला? कागदोपत्री मी दोन वर्षं तुझ्याच घरी राहतोय."

मी हसले. मग हसल्याचाच राग आला. "बदल म्हणते ना! पत्रं आता नव्या घरी येऊ देत."

"आणि पुन्हा कापलीस तर?"

"आधी वाचीन," मी त्याच्या केसांतला भुसा झटकत म्हटलं. "मग कापीन."