दार उघडू नको, बिबी

हे घडलेलं आहे. ज्यांना थापा वाटतील त्यांनी खुशाल इथेच थांबावं. माझी स्वतःची तंबाखू आजवर तीनदा सुटली आणि चारदा लागली. निदान या विषयात तरी मी खोटं बोलणार नाही.

साल १९०८. जुन्नर. पौषातली कडाक्याची थंडी.

आणि वेळ रात्रीची नाही... भर दुपारची.

आमचं घर कागद बनवणाऱ्यांचं. चिंध्यांचा लगदा हौदातल्या पाण्यात कालवायचा, त्याचे ताव काढायचे आणि ओले ताव चुन्याच्या गुळगुळीत भिंतींवर वाळत लावायचे. थंडीतही दिवसभर हात गार पाण्यात. माझे पणजोबा नवाब हातांच्या कळा थांबाव्यात म्हणून अफूची गोळी घ्यायचे. तेव्हा ती ठेक्यावर उघड मिळायची.

त्यांचा मुलगा वजीर, म्हणजे माझे आजोबा, बारा वर्षांचे असताना हौदापाशी रडले. नवाबांनी मायेनं त्यांच्या तळहातावर पहिली गोळी ठेवली.

"हात दुखतोय ना बाळा? घे."

पुढे नवाब वारले. हौदाचं काम बंद पडलं. आजोबांचे हात दुखायचे थांबले.

गोळी थांबली नाही.

माझी दादी बिबिजान तेव्हा सात महिन्यांची गरोदर होती. पोर जन्मायच्या आत सुटायचं, असं आजोबांनीच ठरवलं. ताव वाळवायची खोली रिकामीच होती. एक दार, वीतभर झरोका. दादीनं त्यांचे कपडे, अंथरूण, खोलीचा कोपरान् कोपरा चाचपला. अफूचा कणही सापडला नाही. मग तिनं पाण्याचा माठ, तांब्या आणि आठ दिवसांच्या भाकरी आत ठेवल्या.

किल्ली तिच्या हातात देत आजोबा म्हणाले, "आठ दिस. मी रडंन, शिव्या दीन, काय वाट्टंल ते बोलंन. दार उघडू नको, बिबी."

तीन दिवस ओकाऱ्या, किंकाळ्या, दारावर लाथा. पोटात कळ आली, साप निघाला, छत पडतंय... नाना सबबी. दादी उंबऱ्याबाहेर बसून रडली, पण तिनं दार उघडलं नाही.

चौथ्या दिवशी दुपारी लाथा थांबल्या.

मग आतून हळूच आवाज आला...

"बिबी, आत कुणाला सोडलंस?"

"कुणाला न्हाई."

"मग वल्ल्या पायानं कोण फिरतंय?"

दादीनं कान दिला. आत पाणी ठिबकत होतं. टप्... टप्... तांब्या सांडला असेल, असं तिला वाटलं.

"अब्बा आलेत. गोळी घिऊन हुबे हायेत. मला नगं हाय, बिबी! पन हात आपसूक उघडतोय. मूठ मिटंना! दार उघड!"

दादी संतापली. "मेलेल्या बापाला तरी सोडा!"

तेवढ्यात आतून खोकला आला... नवाबांचा.

आजोबा वडिलांची हुबेहूब नक्कल करायचे, सगळ्या आळीला ठाऊक होतं. दादीनं किल्ली पदराच्या गाठीत आणखी घट्ट आवळली.

"हात दुखतोय ना बाळा?"

आणि त्याच क्षणी... आजोबांचं हमसून हमसून रडणं.

दोन्ही एकदम.

एका गळ्यातून दोन आवाज निघत नाहीत. दादी धडपडत उठली. पदराची गाठ सुटेना. तिनं ती दातांनी ओढली.

आतलं रडणं थांबलं.

"ऱ्हाऊ दे," आजोबा म्हणाले. फार गोड, सुखावलेल्या आवाजात. "आता नको उघडू."

तिनं उघडलं.

खोलीत आजोबा एकटेच. भिंतीला टेकलेले. उजवा तळहात उघडा. जमीन कोरडी ठणठणीत. श्वास चालू होता, पण तो एकेक मोजावा इतका संथ. हकिमांनी पापणी उघडून पाहिली आणि मान हलवली. इतकी अफू याला दिली कोणी, असं त्यांनी दादीलाच विचारलं.

दिवस मावळायच्या आत आजोबा गेले.

आळी म्हणाली, लपवून ठेवली असणार, अफूबाजच तो. झडती घेणाऱ्या दादीचं कोणी ऐकलं नाही.

तिच्या शेवटच्या वर्षांत मी एकदा धीर करून विचारलं, "दादी, पुन्हा तशी वेळ आली तर पहिल्या हाकेला दार उघडशील?"



"तीन दिस त्यो खोटं बोलला," ती म्हणाली. "चौथ्या दिशी खरं बोलला. आवाज त्योच व्हता रं. मी वळखायचं कसं?"