भातुकलीतला पाव्हणो

त्या दुपारी चंदनच्या पदरात पडण्यासारखं होतं ते एवढंच: चार वर्षांची भाची, तिची डब्याची पिशवी आणि झालीच तर बहिणीची शाबासकी. कुडाळच्या खेळघरातून रसिकाला घ्यायचं आणि पिंगुळीला परतायचं. पण श्रावणातली सर आली, आणि गडी ओसरीवर अडकला.

तिथं खेळघर चालवणारी, कुडाळचीच क्लॉडिया मांडी घालून मुलांच्या भातुकलीत बसली होती. लिस्बनमध्ये ती ज्या घरी मुलं सांभाळायची, तिथले आईबाप रोज जमिनीवर बसून पोरांशी खेळत. तेच तिनं इथं सुरू केलं, पालकांनाही बोलावलं. पालक म्हणाले, "मोठ्यांनी खेळाचा? मग रांधतला कोण?" पोरं गळू लागली. चतुर्थीपर्यंत जम बसला नाही तर खेळघराला कुलूप, आणि क्लॉडिया परत लिस्बनला.

"बाईनूं, एक सांगू?" खांबाला टेकून चंदन म्हणाला. "तुमी बसलात काय पोरां गप होतत."

"मी त्यांच्याबरोबर खेळतंय!"

"खेळतास खंय? परीक्षा घेतास! ह्यो रंग खंयचो, करवंटे किती... आमच्या घरात बापूस कळसूत्री बाहुले कोरता, पोरां बाजूक खेळतत. कोण कोणाक विचारीत नाय."

क्लॉडियाला राग आला, आणि त्याच वेळी त्याच्या गालावरची खळी दिसली. असा राग फार टिकत नाही.

"बरां... मी उठतंय. तुमी बसा."

"मी? लोक हसतले गो बाई!"

"हसांदेत."

ती सूप घेऊन फणसाच्या आठळ्या सोलायला बसली. आणि खरंच, पोरांचा कलकलाट कौलांना भिडला. रसिकानं मामाला दटावलं, "तू पाव्हणो. गप बस. जेवल्याशिवाय जावचा नाय." चंदननं चिखलाची भाकरी मिटक्या मारत खाल्ली, वर आणखी मागितली. मुलीला न्यायला आलेली नाझनीन छत्रीखाली हसून लोटपोट झाली. "उद्या बुशराच्या बाबाक धाडतंय. तेकाय असोच बसव!"

बाबा आले. मागोमाग आणखी चार घरची पोरं आली. आणि चंदन... तो पाऊस नसतानाही अडकू लागला.

एका संध्याकाळी भातुकलीच्या चुलीपाशी बसून त्यानं हळूच विचारलं, "ह्या घरात... माका रवाक जागा आसा?"

आठळी सोलता सोलता तिचा हात थांबला. "खंयच्या घरात? खेळातल्या?"

"खेळातल्या घरासाठी मी रोज पिंगुळीसून येतंय काय?"

तिनं सोललेली आठळी परत सालांत टाकली. कान मात्र लाल झाले होते.

"रव," ती म्हणाली. "पण पाव्हणो म्हणून नको..."

तर शेवटची बेरीज अशी. खेळघराचं कुलूप टळलं, क्लॉडियाला लिस्बन विसरायला कारण मिळालं, चंदनला क्लॉडिया मिळाली. भुर्दंड पडला तो रसिकाच्या टोळीला. चूल, करवंट्या, केळीच्या पानांचं छप्पर, सगळा संसार त्या दोघांनी बळकावला, आणि घरमालकांना "जरा थंय खेळा रे" म्हणून भर पावसात ओसरीच्या दुसऱ्या टोकाला पिटाळलं.