ही लाइन पेलेल का?

मी शिडीवर. तो खिडकीत.

(खरं तर मी शेजारच्या घराच्या तक्रारीसाठी टेलिफोनच्या खांबावर चढले होते. त्याच्याशी माझा काही संबंध नव्हता. असो.)

काळ्या शर्टातला एक तरुण संगणकासमोर बसून हात हलवत होता. आधी वाटलं, डास मारतोय. मग वाटलं, भांडतोय. मग त्याची बोटं छातीपाशी आली, हलकेच उघडली, भुवया वर गेल्या... आणि माझ्या हातातली पकड तशीच राहिली.

तेवढ्यात त्याने डोकं धरलं. खुर्ची मागे ढकलली. वर पाहिलं — थेट माझ्याकडे. आणि धावत खाली आला.

"अहो, शिडीवरच्या बाई! टेलिफोनवाल्या ना तुम्ही?"

"नाही, पतंग काढतेय."

"मग माझाही एक अडकलाय. बघता का?"

अडकले होते एक कर्णबधिर आजोबा, दूर कुठल्यातरी दवाखान्यात. डॉक्टर बोलणार, हा इथून कॅमेऱ्यासमोर खुणांनी सांगणार — दोघांमधला दुभाषा. आणि चित्र गोठायचं. नेमकं गोळी जेवणाआधी की नंतर, तिथेच!

"ऑफिस म्हणतं, घरच्या लाइनचा वेग वाढवा. नाहीतर मुख्य शाखेत या, तिकडे लांब. शुक्रवारपर्यंत कळवायचंय."

"आणि आज?"

"शुक्रवार."

घरात तो आणि त्याची आत्या. लहानपणापासून तिनेच वाढवलेला. ती दारातच म्हणाली, "बाई, वेगबिग काय तो वाढवा, पण याला कुठे पाठवू नका." आणि डोळे पुसत स्वयंपाकघरात गेली.

मी त्याच्या लॅपटॉपवर मॉडेमचं पान उघडलं.

"हा आकडा बघा. एक्सचेंजपासून इथवर येता येता सिग्नल किती विरतो, तो. तुमचं घर जवळ आहे, फार विरत नाही. छान. आणि हा मार्जिन. गोंगाटाच्या वर सिग्नल किती उरतो, तो. वेग वाढवला की हा घटतो. सहाच्या खाली गेला की लाइन तुटायला लागते. म्हणून आत्ता नऊच्या वर हवा."

"माझ्या शर्टासारखं."

"अं?"

"फुलाफुलांचा शर्ट घातला की हात नीट दिसत नाहीत. म्हणून साधा काळा. हातांमागे गोंगाट नको."

मार्जिन इतक्या चटकन कळलेलं गिऱ्हाईक मी पाहिलं नव्हतं. मी जरुरीपेक्षा जास्त खूश झाले.

पुन्हा खांबावर. डबीत माझा टेस्ट फोन जोडला. तो हॉलमधला फोन कानाला लावून लॅपटॉपवरचा मार्जिन वाचणार.

"वाचा."

"दहा. दहा. दहा."

"वा. गेलात तर आत्या एकट्याच राहतील?"

"आत्या? हो ना, एकटीच. तिचा विचार केला की... अरे, चार!"

"काय?"

"चार झाला. आता पुन्हा दहा."

तुमचा आवडता गायक कोण, विचारलं — दहा. मी कुठे राहते, त्याने विचारलं — चार. आकडा झोक्यावर बसल्यासारखा.

मोबाइलवर लाइन-तपासणीचा निकाल कळवायला एक बटण होतं: पेलेल. दाबलं असतं तर तो राहिला असता... आणि कुठेतरी एका आजोबांची गोळी पुन्हा अर्ध्यावर गोठली असती.

"नाही पेलणार," मी म्हणाले. "असा डोलणारा आकडा मला पास करता येत नाही. सॉरी."

"हो म्हणाला असतात तर मला बरं वाटलं असतं," तो म्हणाला. "पण पेशंटला नसतं. थँक्यू. खरंच." मग हळूच, "दहा झालाय बघा परत. चावट आहे."

चावट.

मी शिडी घट्ट धरली. "एक मिनिट. हवा कशी आहे तिकडे?"

"हवा? ठीक आहे. दहा."

"ढगबिग?"

"थोडेसे ढग. दहाच."

"लग्न ठरलंय का तुमचं?"

"लग्न? माझं?... तीन! तीन झाला!"

"कुणी आवडतं का?"

"तीनच. आवडतं म्हणजे... आजच, म्हणजे खांबावर —"

"आत्या," मी म्हणाले, "फोन ठेवा."

तारेवर कुणीतरी दचकून श्वास घेतला. "ठेवते, ठेवते. पण त्याचं उत्तर ऐकून!"

खट्.

"दहा," तो म्हणाला. उत्तर त्याने दिलंच नाही.

खाली उतरून पाहते तर स्वयंपाकघरात, पिठाच्या डब्यामागे, एक जुना फोन. हॉलमधलं बोलणं रंगात आलं की आत्या तो उचलायच्या. बाकी फोनला गोंगाट अडवणारा फिल्टर होता, याला नव्हता. उचलला की गोंगाट थेट लाइनवर.

"म्हणजे माझ्यामुळे जात होता तो?" आत्यांचा चेहरा एवढासा झाला. "तोडून टाका मेल्याला!"

"तोडायचं कशाला? ही फिल्टरची छोटी डबी लावते. मग खुशाल ऐका."

"आत्या!" तो ओरडला.

"तू कशाला ओरडतोस? परवानगी मिळालीय मला."

एक्सचेंजला सांगून नवा वेग चढवला. मार्जिन सात. आत्यांना मुद्दाम फोन उचलायला लावला. सातच.

त्याने ऑफिसला कळवलं: इथेच राहतोय. मग आजोबांना पुन्हा बोलावलं. मी दारात उभी. काळ्या शर्टासमोर ते दोन हात — न घाई, न चूक. गोळी जेवणानंतर. पडद्यावर आजोबा हसले. इतकं सुंदर काही तारेतून जातं आणि आम्ही त्याला नुसता वेग म्हणतो.

मी पिशवी आवरली. फार सावकाश.

"लाइन बिघडली तर फोन करेन," तो म्हणाला.

"नाही बिघडणार."

"एवढी खात्री?"

"मी तपासलीय."

"मग..."

"मग उद्या येते."

"का? काय बिघडलंय?"

"काहीच नाही."

त्याने बोटं उचलली. खाली ठेवली. तोंड उघडलं. मिटलं. दोन-दोन भाषा येणाऱ्या त्या माणसाला एकही सुचेना.

"सकाळीच या," शेवटी म्हणाला.